मदत हवी आहे: घटक शून्य असेल तर समांतर सदिश कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

बारावीतल्या भाचीला सदिश (व्हेक्टर, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी) शिकवतेय. दोन सदिश समांतर आहेत का हे बघायला ती घटकांची गुणोत्तरं काढते. (२, −३, ४) आणि (−४, ६, −८) यांत तिन्ही वेळा −१/२ येतं, प्रश्न मिटला. पण (०, ३, −६) आणि (०, −२, ४) दिले की पहिल्याच पायरीला ०/० येतं आणि बाईसाहेब वही मिटतात!

मी सांगितलं, भागूच नकोस; पहिला = क × दुसरा असं लिही. क = −३/२ घेतल्यावर तिन्ही घटक जुळतात. क्रॉस प्रॉडक्टही (सदिश गुणाकार) शून्य सदिश, म्हणजे (०, ०, ०) येतो, ही समांतर असल्याची खूणच. डॉट प्रॉडक्ट (जुळत्या घटकांच्या गुणाकारांची बेरीज) −३०, लांबींचा गुणाकार √४५ × √२० = ३०, म्हणजे कोन १८०°. इथवर तिला पटलं.

आता तिचा सवाल: दिशा उलटी असेल तर ‘समांतर’ लिहायचं की ‘प्रतिसमांतर’? आणि शून्य सदिशाला तर दिशाच नाही, तरी तो सगळ्यांना समांतर कसा? मी ‘तसं मानतात’ म्हणाले, पण ती ऐकणाऱ्यातली नाही.

शिकवणाऱ्यांपैकी कुणी सांगेल का? शिवाय सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात, तिथे यातली कुठली पद्धत बरी?