प्रतिज्ञेचा हात खाली आला म्हणून

तिसरा बाक:
मुलगी पाचवीत आहे. गेल्या आठवड्यात परिपाठाला तिच्या वर्गातल्या एका मुलाचा प्रतिज्ञेचा हात मध्येच खाली आला. सरांनी त्याला ओळीतून बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर वीस वेळा प्रतिज्ञा म्हणायला लावली. मुलीने घरी नक्कल करून दाखवली. आधी तो रडत म्हणत होता, शेवटी शेवटी 'समृद्धआणिविविधतेनेनटलेल्या' असा एकच शब्द झाला होता म्हणे. मग तिने विचारलं, "बाबा, पाईक म्हणजे काय?" दहा वर्षं रोज म्हटलेला शब्द, आणि मला धड सांगता येईना.

शाळेचं नाव घेत नाही, हे कुठेही होतं. दहा वर्षांच्या पोराकडून रोज रांगेत, हात पुढे करून निष्ठेची शपथ वदवून घेतो त्याला आपण संस्कार म्हणतो. हेच दुसऱ्या देशात, दुसऱ्या झेंड्यासमोर चाललेलं दिसलं तर मेंदूधुलाई म्हणू. मला विचाराल तर फरक एवढाच, की पोराला गप्प राहायची सोय आहे की नाही. आपल्याकडे ती कागदावर आहे, मैदानावर नाही.

निवृत्त गुरुजी:
वीस वेळा म्हणायला लावणं चूकच. माझ्या शाळेत असतं तर त्या सरांना ऑफिसात बोलावून झापलं असतं. पण त्या रागात प्रतिज्ञेला झोडपू नका. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पालावरची पोरं पटावर यायची. पाटलाचं पोर आणि ऊसतोड्याचं पोर एका रांगेत. घरी, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत जे कुणी बोलत नव्हतं ते पाटलाचं पोर सकाळी त्याच्या शेजारी उभं राहून बोलायचं, सारे भारतीय माझे बांधव आहेत. मनापासून बोलायचं का? नसेलही. पण बोलावं लागायचं, आणि त्या 'लागायचं'ला माझ्या लेखी मोल आहे. अर्थ मागाहून कळतो. पाढे तरी तुम्ही कुठे समजून पाठ केले होते?

खडूफळा:
गुरुजी, मीही शिक्षिकाच आहे, पण पाढ्यांचं पटलं नाही. सात पंचे पस्तीस हे पोर चिंचोके मांडून तपासू शकतं. 'माझ्या देशावर माझे प्रेम आहे' हे कशाने तपासायचं? हात किती ताठ आहे त्यावरून. म्हणून मग आम्ही हातच तपासत फिरतो.

आणि ते 'कागदावर' म्हणजे काय ते सांगते. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं. राष्ट्रगीताला रोज नीट उभी राहायची, फक्त गायची नाहीत, त्यांच्या धर्मात बसत नाही म्हणून. हायकोर्टात हरली. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट १९८६ ला, बिजो इमॅन्युएल खटल्यात, त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहिल्यावर न गाणं हा अपमान होत नाही, आणि गायलाच लावणारा कायदा देशात नाही, असं कोर्ट म्हणालं. १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती राष्ट्रगीत गाणाऱ्याला अडवल्याबद्दल किंवा तिथे मुद्दाम गोंधळ घातल्याबद्दल. गप्प राहिल्याबद्दल नाही. डी.एड.ला आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.

अस्सल मावळा:
यांना सगळं भारताचं पाहिजे, फक्त प्रतिज्ञा नको.

रात्रपाळी:
कुणाला? पाचवीतल्या पोराला?

माणदेशी:
केरळची मुलं श्रद्धेपायी गप्प होती. हात दुखला म्हणून खाली आणणाऱ्याला तो निकाल कशाला लावता? त्याला "हात वर कर रे" एवढंच पुरे.

आता प्रतिज्ञेबद्दल. ती कुणा हुकूमशहाने लिहिलेली नाही. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाचे विशाखापट्टणमचे कोषागार अधिकारी, त्यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. म्हणजे चीन युद्धाचं साल. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत आली. नेमक्या त्याच दिवसापासून हिंदी एकटीच राजभाषा व्हायची होती आणि मद्रास राज्य पेटलं होतं. अशा वेळी पोरांना एकमेकांना बांधव म्हणायला शिकवलं, यात कारस्थान ते कुठलं? मजकूर तरी बघा. शत्रूचं नाव नाही, रक्त सांडायची भाषा नाही. वडीलधाऱ्यांचा मान आणि प्रत्येकाशी सौजन्य, एवढं मागितलंय.

आणखी एक, हे जरा टोचेल. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचणं सक्तीचं झालं. तेव्हा तुमच्या बाजूचं कुणी सक्ती म्हणून ओरडल्याचं मला आठवत नाही. उद्देशिका वदवली की प्रबोधन, आणि प्रतिज्ञा वदवली की मेंदूधुलाई?

तिसरा बाक:
टोचलं. मी तेव्हा खूश होतो, खोटं कशाला बोलू. पण परवा मुलीकडून उद्देशिका म्हणून घेतली तर तीच गत, 'सार्वभौमसमाजवादीधर्मनिरपेक्ष' एका दमात. 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा' यांचं स्वातंत्र्य पट्टीच्या धाकाने पाठ करून घ्यायचं, ही चेष्टा माझ्याच आवडीच्या मजकुराची झाली. तेव्हा माझ्या खात्यावर मांडा.

एक आई:
तुमचं चालू द्या, मला घड्याळाचं बोलायचंय. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पसायदान. २०२३ पासून राज्यगीत. जो येतो तो आपलं एक वाढवून जातो, काढत कुणीच नाही, काढणार कोण, काढलं की देशद्रोही. आमच्याकडे परिपाठात निम्मा तास जातो, आणि मग गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत शिकवतात. १५ ऑगस्टला तर पाहुणे येईपर्यंत पोरं मैदानात. गेल्या वर्षी दोघी चक्कर येऊन पडल्या. पाहुण्यांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं. पोरीला विचारलं काय लक्षात राहिलं, तर म्हणाली जिलेबी ओली होती.

न्यू जर्सीकर:
इथे मुलाच्या शाळेत रोज सकाळी स्पीकरवरून झेंड्याची प्रतिज्ञा होते. ती १८९२ ची, फ्रान्सिस बेलामी नावाच्या पाद्र्याची. ज्या साप्ताहिकात छापून आली ते शाळांना झेंडेही विकायचं! आधी हात झेंड्याकडे ताठ पुढे करायचे, अगदी आपल्यासारखे. पण हिटलरच्या सलामीशी फार साम्य दिसायला लागल्यावर १९४२ मध्ये हात छातीवर आला.

सक्तीचं म्हणाल तर १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने शाळांच्या बाजूने निकाल दिला, मुलांनी सलामी दिलीच पाहिजे. इथेही मुलं त्याच यहोवावाल्यांची. त्यानंतर त्या लोकांवर गावोगाव हल्ले झाले. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, तेही ऐन महायुद्धात, कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. माझा मुलगा भारतीय पासपोर्टवाला. तो उभा राहतो, बोलत नाही. त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

माणदेशी:
म्हणजे तिकडेही रोज चालूच आहे. बंद नाही केली.

न्यू जर्सीकर:
बंद करा असं या धाग्यात अजून कुणीच म्हटलेलं नाही हो. मावळ्यांना तसं ऐकू आलं असेल.

रात्रपाळी:
टागोर अजून कसे आले नाहीत? राष्ट्रगीत त्यांचं, आणि १९१६ मध्ये जपानात जाऊन राष्ट्रवादावर तोंडसुख घेणारेही तेच.

खडूफळा:
जपानचं नाव काढलंत म्हणून. तिथे सम्राटाचं शिक्षणावरचं फर्मान १८९० चं. सणावारी शाळेत मुख्याध्यापक ते वाचायचे आणि पोरं माना खाली घालून ऐकायची. आईबापांचा मान राखा, भावंडांशी प्रेमाने वागा, मजकूर सगळा असाच सोज्वळ. वेळ आली तर सिंहासनासाठी धीराने पुढे व्हा, हेही त्याच ओघात. १९४८ मध्ये त्यांच्या संसदेनेच ते रद्द केलं. माणदेशी, मजकुरात रक्त नाही म्हणालात म्हणून आठवलं.

माणदेशी:
आपल्या प्रतिज्ञेत सिंहासन कुठे आहे ते दाखवा, मग बोलू. 'देशबांधव यांच्याशी निष्ठा' आहे. माणसांशी निष्ठा मागणारी शपथ तुम्हाला जपानी फर्मानासारखी दिसत असेल तर चष्मा तुमचा.

खडूफळा:
माणसांशी निष्ठा, हे मान्य. त्या वीस वेळांत एकदा तरी सरांनाच ते वाक्य ऐकू यायला हवं होतं.

निवृत्त गुरुजी:
पाईकाचं राहूनच गेलं. पायी लढणारा शिपाई, चाकर. तुकोबांचे पाईकाचे अभंग आहेत, मुलीला वाचून दाखवा. आम्ही हा शब्द फळ्यावर लिहून कधी समजावला का, आठवून पाहिलं. नाही समजावला. हात मात्र मीही सरळ करवून घेतलेत, पट्टीने. माझं वरचं म्हणणं मागे घेत नाही, फक्त हेही सांगून ठेवतो.

तिसरा बाक:
सांगितलं तिला, गुरुजी. सोमवारी सरांना भेटायची वेळ घेतली आहे. मुलीची अट एकच, तिचं नाव घ्यायचं नाही.