कुत्रा घरी एकटा असताना किती भुंकतो, हे मोजावं का?

मोतीची_आई, इंदूर
आम्ही लोकमान्य नगरात, दुसऱ्या मजल्यावर. साडेनऊला दोघंही ऑफिसला जातो, सहाला परत. खालच्या काकू म्हणाल्या, "तुमचा मोती दिवसभर रडतो गं." पटेना. मग जुना मोबाइल चार्जरला लावून कपाटावर ठेवला आणि आठवडाभर आवाज रेकॉर्ड केला.

दिवसभर नाही! आम्ही निघाल्यावर पंचवीसेक मिनिटं सलग, त्यात कचरागाडीचं गाणं आलं की लांब सूर. अकराला कामवाल्या मावशी येतात तेव्हा दोन-चार आनंदाच्या भुंका, दुपारी कुरिअरवाला. बाकी घोरणं. काकूंना कागदावर वेळा लिहून दाखवल्या, तर त्या जास्तच चिडल्या. माझं मत, आधी मोजा, मग भांडा.

पोहे_जिरावन
ताई, काकू त्रास सांगायला आल्या आणि तुम्ही त्यांच्या हातात हिशोब ठेवलात. चिडणारच! सकाळची पंचवीस मिनिटं म्हणजे त्यांची पूजेची वेळ असेल. मोजमापानं तुम्ही खऱ्या ठरलात, त्यांचे कान तिथेच राहिले.

लष्करवाला, ग्वाल्हेर
कायद्यानं भुंकणं गुन्हा नाही. पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना वाचा, भुंकणं नैसर्गिक आहे असं त्यात आहे.

पोहे_जिरावन
पुढचं वाक्यही वाचा की. सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून कुत्र्याला शांत ठेवायचे सगळे प्रयत्न मालकानं करावेत, विशेषतः रात्री. अर्धी सूचना खिशात घालून फिरणारे आमच्या सोसायटीतही आहेत.

दांडियाबाजार
मी मोजण्याच्या बाजूची, पण कारण वेगळं. काकूंना दाखवायला नाही, मोतीला समजून घ्यायला मोजा. आणि नुसता आवाज पुरत नाही, व्हिडिओ घ्या. दारापाशी येरझाऱ्या, धापा, लाळ, चौकट ओरबाडणं दिसलं तर तो मस्ती करत नाहीये, घाबरलाय. खिडकीतून गाडी पाहून भुंकणारा वेगळा, कंटाळून भुंकणारा वेगळा. निघाल्यानंतरचा पहिला अर्धा तासच बघा, बहुतेक सगळं तिथेच कळतं. ती क्लिप पशुवैद्यांना दाखवा. दवाखान्यात आमची टॉमी टेबलावर साधूसारखी बसायची, डॉक्टरांना तोंडी सांगून खरंच वाटायचं नाही.

आम्ही काय केलं? किल्ली उचलायची, चपला घालायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. दिवसातून दहा वेळा. मग एक मिनिट बाहेर, मग तीन. ती घाबरायच्या आत परत यायचं. या काळात तिला जास्त वेळ एकटं सोडता येत नाही, त्यामुळे सासूबाई महिनाभर आमच्याकडे होत्या. हे फुकट होत नाही.

लष्करवाला, ग्वाल्हेर
एवढं कोण करणार? भुंकला की झटका देणारा पट्टा मिळतो, दोन दिवसांत गप्प.

दांडियाबाजार
घाबरलेल्याला झटका? आवाज बंद होईल, भीती आतच राहील. वेल्समध्ये असले पट्टे 2010 पासून बंद आहेत. तुम्ही स्वतःच्या गळ्यात बांधून बघा एकदा.

भिया_छप्पनवाले
बोलता येईल असा कॅमेरा लावा ना. मी ऑफिसातून "शेरू, चूप" म्हणतो.

मोतीची_आई, इंदूर
शेजारच्या मुलानं लावून दिला होता. माझा आवाज आला, मी कुठेच नाही. मोती पलंगाखाली, गॅलरीत शोधून आला आणि मग आणखी मोठ्यानं रडला. काढून टाकला.

पोहे_जिरावन
एक राहिलंच. अकराला मावशी येतात म्हणालात. रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना सांगितलंय?

मोतीची_आई, इंदूर
(दुसऱ्या दिवशी) नव्हतं सांगितलं. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही. आज सांगितलं. आधी हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "दीदी, मैं गाँव फोन लगाती हूँ, वो भी आ गया क्या?" आलं होतं. ऐकलं नव्हतं, पण आलं होतं. त्यांच्यासमोर सगळ्या फाइली पुसल्या.

आता व्हिडिओ घेतेय, फक्त साडेनऊ ते दहा. पहिल्या दिवसाचा पाहिला. ओरबाडणंही आहे आणि लाळही. शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. मावशींना पगार वाढवून विचारलं, त्या सोमवारपासून सव्वानऊलाच येतील. काकूंकडे गेले होते, कागद न घेता. त्यांची सकाळी साडेनऊला पोथी असते.