बिडी ओढणाऱ्याला बीटा-कॅरोटीन नको

भाऊ, तुम्ही विचारलंय की बीडच्या दुकानदारानं तुमच्या वडिलांना बीटा-कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी द्रव्य) अन् लायकोपीन (टोमॅटोतलं लाल द्रव्य) यांच्या कॅप्सूल दिल्या, "नसा साफ होतील" म्हणून, त्या द्याव्यात का. त्यामागं जे शास्त्र सांगतात, ते काही खोटं नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) धमनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ झालं, म्हणजे ऑक्सिजनमुळं बिघडलं, की पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तिथंच थर धरतो. बीटा-कॅरोटीन, लायकोपीन ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे असं बिघडणं रोखणारी द्रव्यं; त्यांनी हे थांबेल असा कयास होता. माणसांवर तपासल्यावर तो टिकला नाही. उलट फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत (निकाल १९९४ चा) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. वडील बिडी ओढतात म्हणता, मग ती बाटली आजच बाजूला ठेवा. बिडी सुटली तर सोन्याहून पिवळं.

लायकोपीनसाठी एवढे पैसे कशाला? कच्च्यापेक्षा तेलात शिजलेल्या टोमॅटोतून ते जास्त अंगी लागतं. करडीच्या तेलात टोमॅटोची चटणी परता, ज्वारीच्या भाकरीसंगं खाऊ द्या; मीठ जरा हात राखून.

आणि वडिलांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसलाय ना? मग स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) अन् रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याबिगर बंद करू नका, दुकानदार काहीही म्हणो.