'सेमी-ॲब्स्ट्रॅक्ट लँडस्केप'ला मराठीत काय म्हणावे?

कुंचला: उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांच्या चित्रकलेवरचा लेख मराठीत आणतेय. झाकारियास हाइनेसन (जन्म १९३६) यांची उजळ रंगांतली गावं आणि इंगाल्वुर आव रेनी (१९२०–२००५) यांची उत्तरकाळातली काळी-करडी चित्रं, दोन्हींना मुळात 'सेमी-ॲब्स्ट्रॅक्ट लँडस्केप' म्हटलंय. मी 'अर्धअमूर्त निसर्गचित्र' लिहिलं, संपादकांनी 'अर्धामूर्त' केलं. योग्य काय?

शब्दवेध: संधी बरोबर आहे, पण वाचणारा तो 'अर्धा मूर्त' असाच फोडणार. जोडरेघ द्या: अर्ध-अमूर्त.

गेरू: जोडरेघेने भागत नाही. 'अर्ध' म्हणजे निम्मं. हाइनेसनांच्या चित्रात छपरं, खाडी, डोंगर ओळखता येतात, गळतो तो बारीक तपशील. रेनींच्या उत्तरकाळात जागा ओळखायलाच वेळ लागतो. एकाला 'संक्षिप्त' म्हणा, दुसऱ्याला 'अमूर्तप्राय'.

सह्यकडा: आधी तिथला डोंगर बघा. बसाल्टचे आडवे थर, मधे मऊ टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड. टफ लवकर झिजतो, बसाल्ट पुढे राहतो, म्हणून उताराला पायऱ्या पडतात. झाडी जवळजवळ नाहीच, तेव्हा त्या झाकल्याही जात नाहीत. चित्रातले आडवे पट्टे डोंगरातच आहेत, त्यांना 'अमूर्त' कसं म्हणायचं? आपल्या दख्खनच्या दगडाला लावतात तो 'ट्रॅप' शब्दही स्वीडिशमधल्या जिन्याच्या शब्दावरूनच आलाय.

शब्दवेध: व्युत्पत्ती मान्य, पण प्रश्न चित्राचा आहे. कोशात 'अप्रतिरूप' (कशाचंही रूप न दाखवणारं) आहे, तो का टाकायचा? चित्रकार वासुदेव गायतोंडेही 'ॲब्स्ट्रॅक्ट' नाकारून 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत.

गेरू: म्हणूनच तो गायतोंड्यांना शोभतो, इथे नाही. इथे प्रतिरूप आहे, फक्त आटवलेलं. तैलरंगात हे कसं होतं पाहा. गडद भाग टर्पेंटाइनने पातळ करून आधी बसवायचे, जाड, तेलकट रंग नंतर. उलट केलं तर वरचा थर तडकतो. गवताचा मळका हिरवा काळ्यात लेमन यलो मिसळूनही मिळतो. धुक्यासाठी ओल्या गडद रंगावरून पांढरा एक-दोनदाच ओढायचा. जास्त घोटला की नुसता चिखल होतो, मागचा कडा पुढे येतो आणि अंतर मरतं. यात 'अमूर्त' काय आहे? रंग तर चांगला बोटभर जाड असतो!

रंगफळी: 'अमूर्त' प्रदर्शनांच्या पत्रकांत केव्हाच रुळलाय. रुळलेला शब्द शुद्धतेपायी उपटू नये. माझी हरकत 'निसर्गचित्रा'ला आहे. गाव, बंदर, नावा निसर्ग कशा? 'भूदृश्य' म्हणा.

सह्यकडा: अर्ध्या चित्रात समुद्र असताना 'भू'? त्यापेक्षा जुना 'देखावा' बरा.

शब्दवेध: 'देखावा' म्हटलं की दिखाऊपणा आठवतो.

कुंचला: बरं, पुढची अडचण. 'एक्स्प्रेसिव्ह'ला 'अभिव्यक्तिवादी' चालेल? सामल योएन्सन-मिकिनेस (१९०६–१९७९) यांच्या संदर्भात.

रंगफळी: मिकिनेसांना चालेल. अंत्ययात्रा, ग्रिंदाद्राप म्हणजे पायलट व्हेलची शिकार, सगळं त्या वळणाचं. नॉर्वेचा चित्रकार मुंक याचा प्रभाव उघड आहे. हाइनेसनांना मात्र 'भावगर्भ' पुरे, तिथे '-वादी' आणू नका.

सह्यकडा: पण 'मिकिनेस' का लिहिता? ते नाव ज्या बेटावरून आलं त्याचा फेरोई उच्चार 'मीचिनेस'च्या जवळ आहे. तिथे इ-कारापूर्वीचा 'क' 'च'सारखा होतो.

शब्दवेध: मग 'कोपनहेगन'ही बदलणार का?