मदत हवी आहे: डबल ब्लाइंड करूनही नाव बघूनच शोधनिबंध परत जातात, काय करावं?

नमस्कार मंडळी. एका छोट्या जर्नलची सहसंपादक होऊन मला वर्षही झालेलं नाही, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे परीक्षण डबल ब्लाइंड, म्हणजे परीक्षकांना लेखक कळत नाहीत आणि लेखकांना परीक्षक. पण तिथवर पोचण्याआधीच निम्म्याहून जास्त निबंध आम्ही संपादक परत पाठवतो, आणि तेव्हा नाव, विद्यापीठ, देश सगळं समोर असतं. परवा माझी मीच चोरी पकडली. लागोपाठ दोन निबंध उघडले. दोन्हींत नमुना लहान, दोन्हींचं इंग्रजी अडखळतं. एकावर मी लिहिलं, "नमुना अपुरा, भाषा तपासून घ्यावी." दुसऱ्यावर, "कल्पना चांगली, परीक्षणाला पाठवू." हा दुसरा नावाजलेल्या प्रयोगशाळेतून आलेला. सारांश वाचण्याआधी माझी नजर पत्त्यावर गेली होती! पहिलाही मग परीक्षणाला पाठवला, पण याआधी असे किती गेले असतील कोण जाणे.

मुख्य संपादक म्हणाले, "चांगलं काम लपत नाही हो." मी त्यांना २०२२ सालचा प्रयोग दाखवला. पाचशेहून जास्त परीक्षक, निबंध एकच. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा २३ टक्क्यांनी तो नाकारा म्हटलं, नावं झाकल्यावर ४८ टक्क्यांनी, आणि फक्त अपरिचित सहलेखकाचं नाव दिसलं तेव्हा ६५ टक्क्यांनी. त्यावर ते म्हणाले, "बरं, मग करायचं काय ते सांगा." इथेच माझं घोडं अडलंय. संपादकांपासूनही नावं लपवली, तर लेखकाच्याच मित्राकडे निबंध परीक्षणाला जाणार नाही हे कोण बघणार? आणि प्रीप्रिंट असेल, म्हणजे परीक्षणाआधीच निबंध इंटरनेटवर टाकलेला असेल, तर शीर्षक शोधलं की नाव हजर. कोणी हे करून पाहिलंय का?

प्रतिसाद:
हितसंबंध तपासायला निर्णयात नसलेलं कोणीतरी कार्यालयात ठेवा. संपादकाने परत पाठवण्याचं कारण आधी नोंदवायचं, नाव त्यानंतरच उघडेल. प्रीप्रिंटचं पूर्ण झाकता येत नाही, पण शोधायला मुद्दाम जावं लागतं, तेवढीही आडकाठी पुष्कळ. खरी गोम परीक्षकांच्या शेऱ्यांत असते. २०१५ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान जर्नलच्या एका परीक्षकाने दोन लेखिकांना पुरुष सहलेखक घ्यायचं सुचवलं. ओरड झाल्यावर परीक्षकाला यादीतून काढलं, संपादकालाही पायउतार व्हायला सांगितलं. शेरा न वाचता पुढे ढकलला की तो आपलाच होतो. "भाषा सुधारा" एवढंच आलं तर मी परीक्षकाला विचारते, नेमकं कोणतं वाक्य कळलं नाही? अर्ध्यांना एकही दाखवता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
कार्यालयात आम्ही अडीच माणसं, त्यातली अर्धी मीच! पण कारण आधी, नाव नंतर, एवढं सोमवारपासून जमेल. शेरा परत पाठवल्यावर परीक्षक रुसून सोडून जात नाहीत ना?