अमेरिकेत नातवाबरोबर ट्राऊट मासा धरायचा आहे, काठी-गळ इथून नेऊ का? बजेट २००० रुपये

रंकाळ्याचे_आबा:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरअखेर लेकीकडं कॅलिफोर्नियाला, फ्रीमाँटला चाललोय. मुक्काम एप्रिलपर्यंत. नातू नऊ वर्षांचा आहे. त्यांच्या घराजवळ क्वारी लेक्स म्हणून तळी आहेत. थंडीत तिथं ट्रकनं ट्राऊट आणून सोडतात आणि त्या आठवड्यात काठाला पाय ठेवायला जागा नसते म्हणे. नातवाला मासा धरायचाय आणि तोही आजोबांबरोबरच. मी रंकाळ्यावर, कळंब्यावर हातगळ टाकत मोठा झालो, पण रोहू, मृगळ, चिलापी यांच्या पुढं गेलो नाही. काठी, रीळ, तंगूस, गळ सगळं मिळून २००० च्या आत, आणि इथूनच घ्यायचं आहे. तिथं गेल्यावर जावयाकडं पैशाचा विषय काढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काय घेऊ? आमिष काय लावू?

कटला_किंग:
आबा, २००० त काय येतंय आता? माझं नुसतं रीळ साडेपाच हजाराचं आहे, शिमानोचं. काठी वेगळी. राधानगरीच्या बॅकवॉटरला त्याच रिळावर कटला घेतला होता, फोटो काढायला दोघांनी धरावा लागला. एकदाच चांगलं घ्या, नातवाच्या पोरांना पुरेल.

बावड्याचा_बंड्या:
फोटो टाक की मर्दा. गेल्या धाग्यात पण टाकतो म्हणालेलास.
आबा, काठी-बिठीच्या नादाला लागू नका. तंगूस, शिसं आणि गळ, दीडशे रुपयांत विषय संपला. राजाराम बंधाऱ्यावर आम्ही अजून हातगळच टाकतो. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजत घालायची, सकाळी चार लाडू पाण्यात सोडायचे आणि गप बसायचं. मासा कोल्हापूरचा असू दे नाहीतर अमेरिकेचा, पेंडंला नाही म्हणत नाही.

फ्रीमाँटकर:
आबा, मी तिथंच राहतो. मूळ फुलेवाडीचा. बंड्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. कॅलिफोर्नियात तळ्यात असं खाद्य टाकून मासे गोळा करायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, वॉर्डननं बघितलं तर दंड बसेल.
दुसरं म्हणजे परवाना. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो. बाहेरच्या माणसाला वर्षाचा लय महाग पडतो, त्यामुळं एक दिवसाचा घ्या, तो साधारण वीस डॉलरला आहे. त्याशिवाय क्वारी लेक्सला पार्कवाल्यांचा रोजचा मासेमारी परवाना वेगळा घ्यावा लागतो. नातू नऊचा आहे, त्याला यातलं काहीच लागत नाही.

मंगळवारपेठ_कट्टा:
म्हणजे एका दिवसाच्या परवान्यातच आबांचं बजेट संपलं. काठी घरीच ठेवा, परवाना घेऊन काठावर बसून या.

बावड्याचा_बंड्या:
पाण्यात पेंड टाकली म्हणून दंड? आणि मासे ट्रकनं ओततात ते चालतंय व्हय?

गळवाले_मामा:
धागा लगेच भरकटला. जरा कामाचं सांगतो. आपल्याकडं तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं सोडतात ती कटला, रोहू, मृगळ यांची. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधे, मृगळ तळाला. म्हणून कटल्याला बूच लावून दोन-तीन फुटांवर आमिष ठेवतो आणि मृगळाला शिसं लावून तळाशी. ही सवय ट्राऊटला तशीच लावू नका. तो थंड पाण्यातला मासा आहे, पाणी २० अंशांच्या पुढं गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो. म्हणूनच तिकडं सखल भागातल्या तळ्यांत तो थंडीत सोडतात. शिवाय तो हौदात गोळीखाद्यावर वाढलेला असतो. पिशवी फाडल्यावर वरून पाऊस पडावा तसं खाद्य पडायचं, त्याची त्याला सवय. नवीन सोडलेला मासा सुरुवातीला काठाजवळ, वरच्या पाण्यात घोळक्यानं फिरतो. नंतर पांगतो, खोल जातो.

तांबडापांढरा_७:
मामा, मग रंकाळ्यात पण सोडूया की ट्राऊट. डिसेंबरात थंडी असते.

गळवाले_मामा:
मार्चमध्ये काय करायचं? पोत्यानं काढून टाकायचं? रंकाळ्यात आहेत त्याच माशांचा श्वास कोंडतोय. केंदाळ आणि सांडपाणी बघ आधी.

कटला_किंग:
रंकाळ्याचा मासा मी तर घरात आणत नाही.

बावड्याचा_बंड्या:
तुला लागतोय कधी की घरात आणशील.

मनालीरिटर्न:
ट्राऊट भारीच असतो. आम्ही कुलूजवळ पतलीकुहलला सरकारी ट्राऊट फार्म बघितला आणि मनालीत तंदुरी ट्राऊट खाल्ला. काश्मीरमध्ये तर इंग्रजांनी आणून सोडलाय. आबा, अमेरिकेला जाण्यापेक्षा मनालीला जा, खर्च कमी येईल.

रंकाळ्याचे_आबा:
अहो नातू अमेरिकेत आहे, मनालीत नाही.

सॅनहोजेची_सून:
काका, माझे सासरे पण असेच सगळं सामान इथून घेऊन आले होते. कोल्हापुरातच घेतलेली दुर्बिणीसारखी मिटणारी काठी, दुकानाचं नाव घेत नाही. बॅग उघडली तर वरची दोन कांडी मोडलेली. इथं मोठ्या दुकानात काठी, रीळ आणि तंगूस असा तयार सेट वीस-तीस डॉलरला मिळतो. लहान मुलांचा तर आणखी स्वस्त. इथंच घ्या.
सोडल्याच्या दिवशी गर्दी खरोखर अंगावर येते. खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. मागच्या सीझनला शेजारच्या पोरानं मागं न बघता काठी फिरवली आणि गळ माझ्या जॅकेटच्या बाहीत रुतला. जॅकेटच होतं म्हणून वाचले. मुलाला गॉगल आणि टोपी घाला, हसण्यावारी नेऊ नका.

शिवाजीपेठ_डॉक्टर:
गॉगलच्या मुद्द्याला अनुमोदन. गळ बोटात रुतला तर उलटा ओढायचा नाही, काट्याला उलटी दाढ असते, मांस फाटतं. तंगूस कापा, गळ हलणार नाही असा चिकटपट्टीनं धरून दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. डोळ्याजवळ असेल तर हातच लावू नका. पंचगंगा घाटावरून आलेली अशी बोटं बघितली आहेत.

कटला_किंग:
तयार सेट म्हणजे प्लॅस्टिकचा खेळ. गिअर टिकत नाही. मी सांगितलेलंच रीळ घ्या.

फ्रीमाँटकर:
किंग, ट्राऊट पाव-अर्धा किलोचा पण असतो, त्याला राधानगरीचं रीळ कशाला? काठी सहा-सात फुटी, हलकी, लवचिक. रीळ लहान, १००० किंवा २००० नंबरचं. आणि काठीपेक्षा तंगूस महत्त्वाचं आहे, आबा हे नीट वाचा. पाणी स्वच्छ असतं, जाड तंगूस मासा बघतो. चार पौंडी, म्हणजे चार पौंडांचा ताण सोसणारं, जाडीला ०.२० मिलिमीटरच्या आसपासचं पाहिजे. सहा पौंडीच्या वर जाऊ नका. आपण रंकाळ्यावर वापरतो ते ०.४० चं लावलं तर दिवसभर बसून शेजाऱ्यांचे मासे मोजावे लागतील.

रंकाळ्याचे_आबा:
आमिषाचं जरा इस्कटून सांगा. कणीक, हिंग आणि लसूण असं मी वापरतो.

फ्रीमाँटकर:
लसूण बरोबर आहे, इथं पण लसणाच्या वासाचं आमिष चालतं. पण कणीक बुडते आणि तळाच्या चिखलात जाऊन बसते. ट्राऊट तळापासून जरा वर फिरतो. त्यासाठी पॉवरबेट नावाचा रंगीत लगदा बाटलीत मिळतो, तो तरंगतो. मुख्य तंगुसावर सरकतं शिसं, त्याखाली एक मणी, मग छोटी फिरकी, म्हणजे तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी. फिरकीपुढं दीड-दोन फूट आणखी बारीक तंगूस आणि टोकाला १४ किंवा १६ नंबरचा गळ. गळाचा नंबर मोठा तेवढा गळ बारीक, दुकानात उलटं समजू नका. शिसं तळाला बसतं आणि लगदा गळाला घेऊन वर उभा राहतो. मासा ओढतो तेव्हा तंगूस शिशातून सरकतं, त्याला वजन कळत नाही.
लगदा वाटाण्याएवढाच घ्यायचा. बोटं ओली करून गळ पूर्ण झाकेल असा वळायचा, टोकसुद्धा दिसता कामा नये. लांब फेकण्याआधी पायाशी पाण्यात सोडून बघा. बुडाला तर जास्त दाबलाय किंवा गळ मोठा आहे, परत वळा.

बावड्याचा_बंड्या:
कणकेत थर्माकोलचा मणी घाला, तरंगती कणीक तयार. बाटलीचे पैसे वाचले.

फ्रीमाँटकर:
बंड्या, हे मात्र चालेल. इथले लोक पण छोटा मार्शमेलो लावतात, त्याचंही काम तेच.

गळवाले_मामा:
गांडूळ? गांडूळ कोण सांगतच नाही. सगळ्यांना बाटलीतलं पाहिजे.

फ्रीमाँटकर:
मामा, गांडूळ उत्तम. इथं तर सुईनं त्यात हवा भरतात, म्हणजे तोही तळापासून वर राहतो. डबीत विकत मिळतात. पण आबा, कोल्हापुरातून गांडूळ किंवा माती घेऊन विमानात बसू नका बरं का. जुनं सामान आणलं तर धुऊन, वाळवून आणा.

सॅनहोजेची_सून:
गर्दीतला रिवाजही सांगा. समोर सरळ टाकायचं, तिरकं टाकलं तर दहा जणांची तंगुसं एकात एक अडकतात. शेजाऱ्याला मोठा मासा लागला तर आपली दोरी पटकन आत घ्यायची. आणि माणशी एकच काठी, दुसरीला वेगळे पैसे भरावे लागतात.

मंगळवारपेठ_कट्टा:
आपल्या रंकाळ्यावर असा रिवाज लावला तर अर्धे लोक भेळ खाऊन घरी जातील.

फ्रीमाँटकर:
पहाटे जा, पार्क उघडताना. आणि सोडल्याच्या पहिल्याच दिवशी जायची गरज नाही. दोन-तीन दिवसांनी, आठवड्याच्या मधल्या वारी जा. मासे असतात, माणसं नसतात. नातवाची शाळा असते तेवढीच अडचण. जाताना गेटवरची पाटी वाचा, इथंही कधी कधी निळं-हिरवं शेवाळ येतं आणि तळं बंद ठेवतात. क्वारी लेक्स म्हणजे खडी काढून झालेल्या खाणीच आहेत, काठावरून लगेच खोल होतं. पोराला एकटं सोडू नका.

मंगळवारपेठ_कट्टा:
आबांनी परवाना न घेता नातवालाच धरू दिलं आणि मागं खुर्ची टाकून बसले तर? दोन्ही परवान्यांचे पैसे वाचले.

फ्रीमाँटकर:
चालेल. सांगायला बंदी नाही. पण नातू दमला म्हणून काठी स्वतःच्या हातात घेऊन मासा ओढायला लागले तर परवाना लागणार. आणि रोज माणशी पाच ट्राऊटची मर्यादा आहे.

बावड्याचा_बंड्या:
आबा आणि मासा लागल्यावर हात न लावता बसणार? हा हा हा.

तांबडापांढरा_७:
मासा धरल्यावर काय? रस्सा करायचा का फ्राय?

सॅनहोजेची_सून:
ट्राऊटचे खवले इतके बारीक असतात की काढावेच लागत नाहीत. पोट फाडून आत मणक्याला चिकटलेली काळी-लाल रेघ चमच्यानं खरवडून काढायची, नाहीतर कडू लागतो. रोहूसारखे काटे नाहीत, पोरं आवडीनं खातात. मी हळद, मीठ, लिंबू आणि घरचा कांदा-लसूण मसाला लावून तव्यावर करते. जास्त मसाला नको, मांस नाजूक असतं.

तांबडापांढरा_७:
जास्त मसाला नको म्हणणारी सून कोल्हापूरची असूच शकत नाही.

सॅनहोजेची_सून:
इचलकरंजीची आहे.

तांबडापांढरा_७:
तरीच.

मनालीरिटर्न:
मनालीत लिंबू आणि बटर लावून करतात. तसाच करा.

कटला_किंग:
आबा, शेवटचं सांगतो. चार हजारात बसवतो काठी आणि रीळ, माझ्या ओळखीचा आहे.

रंकाळ्याचे_आबा:
मंडळी, सगळ्यांचं मनापासून वाचलं. आज लक्ष्मीपुरीत जाऊन घेऊनच आलो. दुर्बिणीची मिटणारी काठी, सात फुटी, रिळासकट १,३५०. गळाचं पाकीट, शिसं आणि तंगूस धरून पावणेसतराशेला सगळं. मोडेल म्हणून सुनबाईंनी सांगितलं होतं, पण काठी प्लंबरच्या पाईपात घालून दोन्ही बाजूंनी बूच मारून नेणार आहे. तिथं वीस डॉलरला मिळते हे पटलं, पण आजोबा आले आणि दुसऱ्या दिवशी जावयाला दुकानात घेऊन गेले, हे काही मला जमायचं नाही. परवान्याचं लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली ते तुमचं वाढदिवसाचं. तिथं मी बोललो नाही. कणकेत थर्माकोलचा मणी घालून बादलीत बघितला, तरंगतो. मसाला बायकोनं आधीच बांधलाय.

बावड्याचा_बंड्या:
आबा, मण्याचं श्रेय मला द्यायचं.

कटला_किंग:
१,३५० त काठी आणि रीळ? रीळ पहिल्याच माशाला रडणार. मग माझी आठवण काढा.

गळवाले_मामा:
पाईपाची कल्पना चांगली आहे. मी पण तसंच ठेवतो.

फ्रीमाँटकर:
आबा, या, स्वागत आहे. पण तंगूस किती नंबरचं घेतलं ते लिहिलंच नाहीत. आणि गळ?

रंकाळ्याचे_आबा:
तंगूस दुकानदारानं गुंडाळून दिलं ते घेतलं. रोहूला चालतंय म्हणाला, एकदम मजबूत आहे. गळाच्या पाकिटावर ६ लिहिलंय.

फ्रीमाँटकर:
आबा...

मंगळवारपेठ_कट्टा:
०.४० असणार. लावा पैज.

नवीन_गळकरी:
मस्त धागा. मला पण काठी घ्यायची आहे, कळंब्यासाठी. बजेट १०००. काय घेऊ?

कटला_किंग:
१००० त काय येतंय आता?