सल्ला हवा: पाळीव रॅटच्या शिंका, औषध नेमकं कधी सुरू करायचं?

लवंगलतिका
नमस्कार मंडळी. घरात दोन रॅट आहेत, दोन्ही माद्या. मिरी दीड वर्षाची, लवंग चार महिन्यांची, नुकतीच आणलेली. लवंग आल्यापासून शिंकते. ओळीने पाच-सहा शिंका, मग बराच वेळ काही नाही. नाकाशी लाल डाग दिसतात, सकाळी जास्त. बाकी खाणं, हुंदडणं जोरात. आता मिरीही शिंकायला लागलीय आणि काल रात्री हातात घेतली तर छातीतून बारीक चिक-चिक ऐकू आलं.

जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघतात. दुसऱ्यांना फोन केला तर म्हणाले, लगेच अँटिबायोटिक सुरू करा. तिसरे म्हणाले, शिंकांना कसलं औषध! नवऱ्याला पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन दिलं होतं, त्यातल्या कॅप्सूल उरल्यात. त्या देऊ का? दोघींना की एकीलाच? ठाण्यात राहते.

टवाळ_टिटवी
उंदराचं औषध वाण्याकडे मिळतं की. केकसारखं असतं, आवडीने खातात :))

रानजाई
टिटवी, दुसरा धागा बघा.
लवंगलतिका, अजिबात थांबू नका. हे प्राणी आजार लपवण्यात पटाईत. आपल्याला दिसेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. माझा साधा नियम आहे, शिंक ऐकली की औषध.

भुसा_आणि_भाकर
रानजाई, कळकळ पटते, नियम नाही पटत. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू जवळपास प्रत्येक पाळीव रॅटच्या श्वासमार्गात असतो, बहुतेकदा आईकडूनच आलेला. औषधाने तो दबतो, जात नाही. प्रत्येक शिंकेला अँटिबायोटिक द्यायचं म्हटलं तर दोन-अडीच वर्षांच्या आयुष्यात औषध थांबणारच नाही, आणि खरी निकड येईल तेव्हा ते लागू पडेल याची खात्री नाही.

आधी लवंगचं बघू. नवीन घर, नवा वास, नवी सोबतीण, त्यामुळे आठवडा-दोन आठवडे शिंका येणं नेहमीचं आहे. ते लाल म्हणजे रक्त नव्हे. डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते, तिच्यातून पोर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य झरतं. ताण आला, धूळ गेली, कुठे दुखलं की वाढतं. शंका असेल तर टिशूवर डाग टिपा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात त्यावर धरा. पोर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. तिला तूर्त औषध नको, लक्ष ठेवा.

मिरीची गोष्ट वेगळी. पण हातात घेतल्यावर आलेल्या आवाजावर जाऊ नका, उत्साहात नाकातूनही चिक-चिक येतं. ती गाढ झोपलेली असताना हळूच उचलून तिची कूस कानाशी धरा. श्वासागणिक करकर किंवा घरघर ऐकू आली तर ते छातीतलं. मग झोपेतला व्हिडिओ काढा आणि पंधरा सेकंदांतले श्वास मोजून चारने गुणा. निवांत असताना मिनिटाला साधारण 70 ते 115 हे ठीक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास घेताना कुशी आत ओढल्या जातात का, डोकं प्रत्येक श्वासाला हलतं का, हे बघा. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. 300 ग्रॅमच्या मादीचं आठवड्यात 30 ग्रॅम उतरलं तर ते एकटंच डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे.

विश्रांतीतही आवाज टिकून आहे, कुशी ओढल्या जातात, केस पिंजारून कोपऱ्यात बसते, आवडीचं खाणंही नाकारते, यातलं काहीही दिसलं तर औषधाची वेळ झाली. तिथे मीही रानजाईंच्याच बाजूचा. आणि तोंड उघडून श्वास घेताना दिसली तर सकाळची वाट बघू नका. रॅट नाकानेच श्वास घेतात. तोंड उघडलं म्हणजे जीव घुसमटतोय, तेव्हा आधी ऑक्सिजन, बाकी सगळं मागाहून.

आता कॅप्सूल. औषध चुकीचं नाही, डॉक्सी यात खरंच वापरतात. पण साधारण मात्रा किलोला 5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे मिरीला एका वेळी दीड मिलिग्रॅम. कॅप्सूल 100 ची! चिमटीने त्याचे साठ-पासष्ट भाग करणार कसे? डॉक्टरांकडून वजनावर मात्रा काढून घ्या आणि पातळ औषध मागा. दूध, दही, पनीर यांतून देऊ नका, कॅल्शियमने डॉक्सीचं शोषण कमी होतं. कुस्करलेल्या केळ्यातून चालेल.

रानजाई
बरं, शिंकेचा नियम मागे घेते. पण मग केमिस्ट सहज देतो ते अमॉक्सिसिलिन? लहान मुलांचं सिरप असल्यामुळे मात्रा तरी मोजता येते.

भुसा_आणि_भाकर
मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन नेमकं तिच्यावर काम करतं. सोबत दुसऱ्या जिवाणूंचा संसर्ग असेल तर डॉक्टर ते देतात, पण एकट्याने मूळ दुखणं दबत नाही. पुष्कळदा डॉक्सीसोबत एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक देतात. पुढे कधी लवंगवर वेळ आली तर तिचं वय आवर्जून सांगा, वाढीच्या वयात एन्रोफ्लॉक्सासिन सांध्यांच्या कूर्चेला त्रासदायक ठरू शकतं.

सई_कोथरूड
औषधाबरोबर हवेचंही बघा. नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन वास घ्या, कारण रॅट तिथेच राहतात. लघवीचा अमोनिया झोंबला तर औषध निम्मं वाया. अमोनियाने मायकोप्लाझ्माचा त्रास बळावतो हे प्रयोगशाळांतूनही दिसलेलं आहे. सुताराकडचा भुसा घालत असाल तर आजच काढा, त्यात बारीक धूळ असते आणि पाइनचा असेल तर त्यातली द्रव्यंही श्वासाला वाईट. कागदाचे तुकडे किंवा जुन्या चादरी बऱ्या. पिंजरा देवघराच्या खोलीत असेल तर हलवा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, मिरचीची फोडणी, सगळं त्या इवल्या फुप्फुसांत जातं. (आमच्या सासूबाईंनी आता धूप बाल्कनीत न्यायला सुरुवात केलीय. वाटाघाटी बऱ्याच लांबल्या.)

लवंगलतिका
सगळ्यांचे आभार. मिरी झोपेत असताना ऐकलं, करकर आहेच. कुशीही थोड्या ओढल्या जातात. लवंगची छाती स्वच्छ वाटते. पिंजरा खरोखरच देवघराखाली होता, हलवला. उद्या मिरीला नेतेय. लवंगला वेगळं ठेवू का? आणि मिरीला रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?

भुसा_आणि_भाकर
वेगळं नको. इतके दिवस दोघी एकाच हवेत आहेत, आता ताटातूट केली तर ताणाने दोघींचं बिघडेल. दवाखान्यातही जोडीने न्या. उपाशी मुळीच ठेवू नका, उंदरांना उलटी होतच नाही, तेव्हा ती भीती नाही. झोपेतला व्हिडिओ आणि वजनं दाखवा, टेबलावर घाबरून ती वेगळीच वागेल. औषध सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही, तर फोन करून बदलायचं का विचारा. फरक पडला तरी सांगितलेला कोर्स पुरा करा, सहसा दोन-तीन आठवडे असतो. इतक्या औषधानेही करकर हटली नाही तर एक्स-रेचा विषय काढा, वय झालेल्या रॅटमध्ये हृदयाचं दुखणंही असंच दिसतं.

सई_कोथरूड
उद्याचे डॉक्टर रॅट बघत नसतील तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फोन करून विचारा.

रानजाई
आणि एक मिलीच्या, सुई काढलेल्या सिरिंज दोन-तीन आणून ठेवा. औषध कडू असतं, मिरी पहिली चावून टाकेल.

लवंगलतिका
ती टाकेलच :) उद्या डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहिते.